दारातून कपाट निघेल का? मोठे फर्निचर सोडवण्याची, बांधण्याची आणि हलवण्याची रीत

आमच्या आजोळच्या वाड्यात, माळवदाच्या मधल्या खोलीत, एक सागवानी कपाट होते. सात फूट उंच, चार फूट रुंद, सुतार ज्याला डेप्थ म्हणतात ती दोन फूट, आणि माथ्यावर कोरीव कमान. मामांनी ते परभणीच्या नव्या घरी न्यायचे ठरवले, मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या बाजारातून, चार हमाल आले, आणि कपाट आडवे करायला घेताच कमानीचा कोपरा तुळईला जाऊन अडकला. मामांनी "अजून थोडं दाबा" म्हटले, हमालांनी दाबले, आणि कमानीचा वीतभर तुकडा खाली पडला. तेवढ्यात आलेले गावातले म्हातारे सुतार शांतपणे म्हणाले, "मालक, हे कपाट खोलीत आलंच नव्हतं. खोलीतच केलंय ते. आलं नाही ते जाईल कसं?"

त्यानंतर माझ्या नोकरीत सहा बदल्या झाल्या, नांदेड, उदगीर, जालना असे करत संभाजीनगरला स्थिरावलो आणि प्रत्येक वेळी बिऱ्हाड स्वतः उभे राहून हलवले. या सगळ्यातून एक गोष्ट पक्की झाली: जड सामानाचे नुकसान दीडशे-दोनशे किलोमीटरच्या रस्त्यात क्वचित होते. ते होते घरातल्या पहिल्या वीस पावलांत, म्हणजे दारात, जिन्याच्या वळणावर आणि गाडीच्या फाळक्यावर. म्हणून या लेखात गाडीपेक्षा टेप, पाना आणि दोर यांच्याविषयी अधिक लिहिले आहे.

आधी मापे

घर हलवण्याच्या किमान आठ दिवस आधी एक वही आणि पोलादी टेप घेऊन बसावे. प्रत्येक मोठ्या वस्तूची उंची, रुंदी आणि डेप्थ लिहावी. त्याच पानावर दोन्ही घरांतील दारांची, बोळांची, जिन्याची आणि लिफ्टची मापे लिहावीत. दाराचे माप घेताना चौकटीच्या बाहेरून घेण्याची चूक बहुतेकांकडून होते. खरी मोकळी जागा म्हणजे दार पूर्ण उघडल्यावर त्याच्या फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंतचे अंतर, आणि ते चौकटीच्या मापापेक्षा दीड-दोन इंचांनी कमी भरते. एवढ्याच दोन इंचांसाठी सोफ्याचे कापड फाटते. बिजागरीची खीळ काढून दाराची फळी बाजूला ठेवली तर ती जागा परत मिळते, आणि हे काम दहा मिनिटांचे आहे. जुन्या वाड्यांतील दारे मात्र बिजागरीवर नसून उंबऱ्यातील आणि वरच्या पट्टीतील खळग्यांत फिरणाऱ्या खुंट्यांवर असतात. ती स्वतः उपसू नयेत, माहीतगार सुतार बोलवावा.

आता उंचीचा हिशेब, ज्याने मामांचे कपाट मोडले. उभे कपाट आडवे करताना त्याचा माथा सरळ खाली येत नाही. मागचा खालचा कोपरा जमिनीवर टेकलेला असतो आणि पुढचा वरचा कोपरा आधी वर चढून मग खाली उतरतो. त्यामुळे छताखाली कपाटाच्या उंचीइतकी नव्हे, तर बाजूच्या फळीच्या तिरप्या मापाइतकी जागा लागते. सात फूट उंच आणि दोन फूट डेप्थच्या कपाटासाठी सातचा वर्ग ४९ आणि दोनचा वर्ग ४, बेरीज ५३, आणि त्याचे वर्गमूळ जवळजवळ ७.२८ फूट, म्हणजे सात फूट साडेतीन इंच. मामांच्या खोलीत तुळईखाली सात फूट दोन इंच होते. दीड इंच कमी पडला आणि कमान गेली. हेच कपाट रुंदीच्या बाजूला झुकवले असते तर आठ फुटांहून अधिक जागा लागली असती, म्हणजे ती वाट तर आणखीच बंद होती.

ज्यांना वर्ग-वर्गमूळ नको असेल त्यांनी कपाटाच्या बाजूच्या फळीवर वरच्या पुढच्या कोपऱ्यापासून खालच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत टेप तिरपी धरावी. जे माप येईल ते छताच्या, पंख्याच्या आणि माळ्याच्या कडेच्या उंचीशी ताडून पाहावे. फ्लॅटमध्ये स्लॅब उंच असतो म्हणून माणसे निर्धास्त राहतात, पण कपाट झुकवताना पंख्याचे पाते मध्ये येते हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

जिन्यासाठीही असाच विचार करावा. सात फुटी सोफा तीन फुटी जिन्याच्या चौकात आडवा वळणार नाही. तो आपल्या एका बाजूच्या हातावर, म्हणजे हात टेकायच्या भागावर, उभा करून, खांबासारखा फिरवून मगच पुढच्या पायऱ्यांवर न्यावा लागतो. त्यासाठी चौकाच्या वर किती मोकळी उंची आहे ते आधी पाहून ठेवावे. काही जण अशा वेळी गॅलरीतून दोराने सामान खाली सोडतात. पहिल्या मजल्यावरून, चार जाणती माणसे असतील आणि खाली मोकळी जागा असेल तर ते जमते. पण आपल्या जुन्या गल्ल्यांत विजेच्या तारा गॅलरीपासून हातभर अंतरावरून गेलेल्या असतात, आणि लोखंडी कपाट व तार यांची भेट घडवण्याइतके कोणतेही कपाट मोलाचे नसते.

काय न्यायचे आणि काय नाही

भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचे, म्हणजे पार्टिकल बोर्डाचे, कपाट एकदा उभारले की ते त्याच घराचे झाले असे माझे मत आहे. सुटे करून पुन्हा जोडले की स्क्रूची भोके सैल होतात, आणि तिसऱ्या घरी दार लोंबकळू लागते. ते स्वस्तात कोणाला देता आले तर द्यावे. सागवान, शिसव, लोखंड आणि जुने वेताचे काम मात्र नेण्याजोगे असते. किनवटकडच्या सागवानाची जुनी कामे मराठवाड्यात घरोघरी आहेत. पॉलिश उडाले म्हणून ती मोडीत काढू नयेत.

नेण्याची प्रत्येक लाकडी वस्तू आधी उलटी करून तिचे पाय व मागची फळी पाहावी. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या किंवा बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर वाळवी आहे. ती नव्या घरी नेऊन सोडण्यापेक्षा वस्तू इथेच सोडावी किंवा औषध मारून काही दिवस ठेवावी. गाद्या आणि दिवाणाच्या फटी ढेकणांसाठी तपासाव्यात.

मुहूर्त आणि हवामान

बदल्यांचा हंगाम मे-जूनचा असतो आणि आपल्याकडे नेमके तेव्हाच दोन टोकांचे हवामान येते. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, उघड्या गाडीतील लोखंडी पत्र्याला हात लावता येत नाही आणि हमालांना दुपारी उन्हाचा झटका बसण्याची भीती असते. म्हणून बांधाबांध आदल्या दिवशी पूर्ण करावी, गाडी पहाटे पाचला दारात उभी करावी आणि दहाच्या आत जड सामान चढवून मोकळे व्हावे. माठ, लिंबू-पाणी आणि मिठाची पुडी हेही त्या दिवसाचे साहित्यच आहे.

मृगाचा पाऊस पडला की अडचण वेगळी होते. गावातून किंवा शेतातल्या घरातून सामान काढायचे असेल तर काळ्या मातीच्या रस्त्यावर पहिल्या मोठ्या पावसानंतर भरलेली गाडी घालू नये. चाकाला चिखल असा धरतो की ट्रॅक्टर बोलावल्याशिवाय गाडी निघत नाही, आणि ती ओढून काढताना बसणाऱ्या हिसक्यांनी आतले सामान एकमेकांवर आदळते. अमावास्येला घर हलवायला सहसा कोणी तयार नसते, त्यामुळे ज्यांना त्याचे काही वाटत नाही त्यांना त्या दिवशी गाडी आणि माणसे सहज मिळतात. मी दोनदा असे केले आहे.

साहित्य

मोंढ्यात जुने बारदान मिळते. ज्यूटची पोती उसवून सपाट केली की कपाटासाठी त्याहून चांगले आवरण नाही. घरातल्या जुन्या वाकळी फेकू नयेत. चार पदरी वाकळ बबल रॅपच्या तीन वेढ्यांपेक्षा धक्का चांगला झेलते आणि सरकतही नाही. याखेरीज जाड पुठ्ठे, रुंद चिकटपट्टी, सुतळी, बोटाएवढ्या जाडीचा सुती दोर, गाडीसाठी नायलॉनचा दोर किंवा कसणीचे पट्टे, मार्कर, लहान प्लास्टिकच्या पिशव्या, स्क्रू-ड्रायव्हर, पान्यांचा संच, ॲलन की आणि लाकडी पाचरी एवढे जमवावे. पूर्वी भांडी व काच भरताना कडबा किंवा गव्हाचा भुसा वापरीत. तो अजूनही चालतो, पण गाडीत बिडी ओढणारा माणूस असेल तर टाळावा.

गुंडाळण्याचे प्लास्टिक, ज्याला स्ट्रेच फिल्म म्हणतात, ते पॉलिश केलेल्या लाकडावर थेट कधीही लावू नये. मेच्या उन्हात ते तापून पॉलिशला चिकटते आणि सोडवताना डाग राहतात. पावसाळ्यात त्याच्या आत ओल कोंडते आणि पॉलिशवर पांढुरका धुरकटपणा येतो. आधी जुने सुती लुगडे किंवा चादर, त्यावर पुठ्ठा किंवा बारदान आणि सर्वांत वर प्लास्टिक, असा क्रम ठेवावा.

सोडवणे

कोणतीही वस्तू सोडवण्याआधी मोबाइलवर तिचे समोरून, मागून आणि प्रत्येक सांध्याचे जवळून छायाचित्र काढावे. निघालेले स्क्रू, वॉशर आणि किल्ल्या त्या-त्या वस्तूच्या वेगळ्या पिशवीत घालून, पिशवीवर नाव लिहून, ती त्याच वस्तूच्या आतल्या बाजूला चिकटवावी. सर्व स्क्रू एका डब्यात टाकण्याची चूक मी पहिल्या बदलीत केली होती. उदगीरच्या घरात तीन दिवस जमिनीवर झोपून मी पलंगाचा एक बोल्ट शोधत होतो.

हायड्रॉलिकचा बॉक्स पलंग सोडवताना जपावे लागते, कारण त्यात इजा होते. गादी असते तोवर तिच्या वजनाने झाकण खाली बसलेले असते. गादी काढली की आतल्या गॅसच्या दांड्यांचा जोर मोकळा होतो आणि कडी सोडताच झाकण फाडकन वर येते. चेहरा त्याच्यावर झुकवून उभे राहू नये. झाकण पूर्ण उघडू द्यावे, एका माणसाने ते दोन्ही हातांनी धरून ठेवावे आणि मगच दुसऱ्याने दांड्यांच्या टोकांचे बोल्ट काढावेत, कारण पूर्ण उघड्या अवस्थेत दांडीतला ताण सर्वांत कमी असतो. झाकण अर्धवट असताना बोल्ट काढला तर बोटे चिरडतात. दांड्या निघाल्या की झाकण स्वतःच्या वजनाने पडते, म्हणून धरणाऱ्याने हात सोडू नये.

तयार फर्निचरच्या फळ्या बहुधा गोल चकतीसारख्या फिरत्या खिळ्यांनी, म्हणजे मिनिफिक्सने, जोडलेल्या असतात. चकती अर्धा फेरा डावीकडे फिरवली की फळी अलगद सुटते; सुटत नसेल तर ओढू नये, कुठे तरी दुसरी चकती राहिलेली असते. ओढल्यास बोर्डाचा भुगा होतो. परत जोडताना भोक सैल वाटले तर फेव्हिकॉलमध्ये बुडवलेल्या दोन काड्या आत घालून, रात्रभर वाळू देऊन, मग स्क्रू बसवावा.

जुन्या सागवानी कामाचे सांधे लाकडी खुंट्यांवर असतात. तिथे हातोडीने काही काढू नये. खण, फळ्या, दारे आणि माथ्याची सुटी पट्टी एवढेच काढावे. सांगाडा तसाच न्यावा. उन्हाळ्यात लाकूड आकसून सांधे थोडे हलू लागतात, म्हणून उचलण्यापूर्वी सांगाड्याला मधोमध आणि खाली सुती दोराचे दोन वेढे देऊन, दोर आणि लाकूड यांच्यामध्ये कापड ठेवून, पीळ द्यावा.

लोखंडी कपाट पूर्ण रिकामे करावे. "आतले कपडे मऊ असतात, राहू द्या" हे वाक्य मी प्रत्येक घरात ऐकले आहे. कपडे मऊ असले तरी चार खणांतील साड्यांचे वजन एका माणसाएवढे होते, आणि तो माणूस हमालाच्या खांद्यावर बसतो. आतल्या फळ्या काढून वेगळ्या बांधाव्यात. आतील तिजोरीचा खण आणि बाहेरची दारे कुलूप लावून, वर पट्ट्याने कसावीत; किल्ली आपल्या खिशात, गाडीत नव्हे. दारावर आरसा असेल तर त्यावर चिकटपट्टीची फुली मारावी, वर पुठ्ठा आणि वाकळ बांधावी. फुलीने आरसा फुटण्याचे टळत नाही, पण फुटलाच तर तुकडे जागेवर राहतात आणि कोणाचा हात कापत नाही.

बांधणे आणि उचलणे

घाव कोपऱ्यांवर बसतो, म्हणून आधी आठही कोपऱ्यांना पुठ्ठ्याची टोपरी बसवावीत आणि मगच सपाट भागाकडे वळावे. पाय निघत असतील तर काढावेत. निघत नसतील तर चारही पाय दोराने एकमेकांना बांधावेत आणि वस्तू पायांवर कधीही फरफटू नये. लोखंडी किंवा लाकडी कपाट घरातल्या घरात सरकवायचे असेल तर एका बाजूला थोडे झुकवून खाली वाकळ सरकवावी, मग दुसऱ्या बाजूने, आणि वाकळ धरून ओढावे. फरशीवर ते पाण्यावरच्या होडीसारखे जाते. शहाबादी फरशीच्या सांध्यांवर मात्र ते अडखळते, तिथे एकाने पुढून हलके उचलावे.

काचेचे तक्ते आणि ग्रॅनाइटचा माथा नेहमी उभे धरून न्यावेत. आडवे धरले की मधोमध स्वतःच्याच वजनाने वाकतात आणि मोडतात. जाड दगडही याला अपवाद नाही. दोन वाकळींच्या मध्ये उभे ठेवून, दोन्ही बाजूंनी फळी लावून बांधलेली काच सुखरूप पोहोचते.

बंगईच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, पितळी कड्या आणि सळया काढून पोत्यात बांधाव्यात. छताची आकडी सोडवण्यासाठी स्टुलावर चढताना खाली कोणी तरी हवेच. धान्याची पत्र्याची कोठी रिकामी करून, तिच्यात उशा आणि गोधड्या भराव्यात. जागा वाया जात नाही आणि पत्रा पोचा येण्यापासून वाचतो.

उचलण्याविषयी जे मी हमालांकडून शिकलो ते पुस्तकांत सापडते त्याहून वेगळे नाही, फक्त ते ते रोज पाळतात. कंबरेतून वाकायचे नाही, गुडघे मोडून बसायचे. वजन छातीशी ठेवायचे. वळायचे असेल तर कंबर पिळायची नाही, पावले टाकून फिरायचे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बोलणारा एकच असावा. चार माणसे उचलत असताना "डावीकडे", "थांबा", "खाली" हे एकाच तोंडातून यायला हवे, आणि ते तोंड घरमालकाचे नसावे. मोंढ्यातले हमाल "हं… चला… हं" असा ठेका धरतात, तो मध्येच तोडून सूचना देऊ नयेत.

जिन्यावर खालच्या माणसावर जास्त वजन येते, म्हणून सर्वांत ताकदीचा आणि जाणता माणूस खाली असावा, मग सामान वर जात असो की खाली. उंच कपाट वाहताना दोघांनी सारख्या उंचीवर धरू नये. वरच्याने माथ्याजवळ आणि खालच्याने तळाजवळ धरले की कपाट पायऱ्यांच्या उताराला समांतर राहते आणि तोल जात नाही. खांद्यावरून आणि कपाटाखालून जाणारा रुंद पट्टा मिळाला तर हातांवरचा भार निम्मा झाल्यासारखा वाटतो. जिन्यात चपला नकोत. अनवाणी किंवा घट्ट बूट. आणि कोणाच्या हातून वस्तू सुटू लागली तर ती झेलायला जाऊ नये. फर्निचर दुरुस्त होते.

फ्रिज, वॉशिंग मशीन आणि बाकीचे

हे फर्निचर नसले तरी त्याच गाडीत जाते. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्यावा, मागच्या तबकातले पाणी ओतावे, काचा काढाव्यात आणि दार पट्टीने बंद करावे. तो उभाच न्यावा. नाइलाजाने आडवा न्यावा लागलाच तर कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत उतरते. उतरवल्यावर तो जितका वेळ आडवा होता निदान तितका वेळ उभा ठेवून मगच सुरू करावा. समोरून दार उघडणाऱ्या वॉशिंग मशीनच्या मागे नवीन असताना लावलेले बोल्ट असतात, ते जपून ठेवले असतील तर परत लावावेत, कारण त्यांच्याशिवाय आतला ड्रम रस्ताभर आपटत राहतो. टीव्ही आडवा ठेवू नये. एसी काढताना त्यातला गॅस बाहेरच्या युनिटमध्ये बंद करून घ्यायला मेकॅनिकला सांगावे, नाही तर नव्या घरी गॅसचा खर्च वेगळा. इन्व्हर्टरची बॅटरी उभी, तारा सोडवून, कपड्यांपासून लांब ठेवावी. तिच्यातले आम्ल सांडले तर सोफा वाचत नाही. भरलेला गॅस सिलिंडर सामानात नेऊ नये; दुसऱ्या गावी जात असाल तर एजन्सीत जमा करून कागद घ्यावा.

गाडी आणि तिच्यात सामान रचणे

छोट्या हत्तीचा, म्हणजे टाटा एस या लहान मालगाडीचा, हौदा सात फुटांच्या आसपास असतो आणि ती गाडी पाऊण टनापर्यंतच्या वजनासाठी आहे. एका खोलीचे बिऱ्हाड किंवा शहरातल्या शहरात दोन फेऱ्या, एवढ्यासाठी ती पुरते. दोन बेडरूमचे घर दुसऱ्या जिल्ह्यात न्यायचे असेल तर चौदा फुटी आयशर घ्यावी. दोन लहान गाड्या स्वस्त पडतात असे वाटते, पण दुसरी गाडी उशिरा येते आणि तिच्याबरोबर घरचे कोणी नसते.

सर्वांत जड वस्तू, म्हणजे लोखंडी कपाट आणि फ्रिज, केबिनच्या भिंतीला टेकवून उभ्या ठेवाव्यात आणि लगेच तिथेच बांधाव्यात; सगळे भरून झाल्यावर शेवटी एकच दोर टाकण्याची सवय घातक आहे. कपाटाची दारे केबिनकडे असावीत, म्हणजे ती उघडूच शकत नाहीत. दोन कठीण वस्तूंच्या मध्ये एक मऊ वस्तू, हा नियम पाळला तर निम्मे पॅकिंग गाद्याच करतात. गादी उभी लावावी. सोफा शक्य असल्यास एका हातावर उभा करावा, त्याच्या पोकळीत खुर्च्या बसतात. वजन डावी-उजवीकडे सारखे वाटावे. मांजरसुंब्याच्या घाटात एका बाजूला झुकलेली गाडी मागून पाहिली की याचे कारण विचारावे लागत नाही.

दोर नेहमी सांगाड्यावरून जावा, पायांवरून किंवा हातांवरून नव्हे, आणि जिथे तो कोपऱ्यावर वळतो तिथे पुठ्ठा असावा. उरलेल्या फटींत उशा किंवा पाचरी घालाव्यात, कारण हलायला जागा मिळाली की बांधलेले सामानही घासते. ताडपत्री टाकताना पुढची कड मागच्या कडेवर यावी, म्हणजे वारा आणि पाऊस आत शिरत नाही. निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर एकदा थांबून सगळे दोर पुन्हा कसावेत. पहिल्या तासात सामान बसते आणि दोर सैल होतात.

कागद

घरगुती वापरलेल्या सामानाला जीएसटीचे ई-वे बिल लागत नाही, तरीही वस्तूंची यादी, जुना-नवा पत्ता आणि बदलीच्या आदेशाची प्रत चालकाजवळ असावी. ट्रान्सपोर्टवाल्याकडून बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची पावती, घ्यावी आणि तिच्यावर वस्तूंची संख्या व किंमत लिहून घ्यावी. "ओनर्स रिस्क", म्हणजे जोखीम मालकाची, असा शिक्का असेल तर सही करण्याआधी विमा कोणाचा आहे ते विचारावे. रस्ते वाहतुकीसाठी २००७ चा कायदा आहे. त्यानुसार नुकसानभरपाईचा दावा करायचा असेल तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. एका बदलीत पॅकिंगवाल्यांनी अर्ध्या रस्त्यात सामान दुसऱ्या गाडीत टाकले आणि दिवाणाचा पाय मोडून आला. माझ्याकडे निघतानाचे छायाचित्र नव्हते, बिल्टीवर नुसते "घरगुती सामान" लिहिलेले होते, आणि मग भांडण तोंडीच राहिले. तेव्हापासून मी काही रक्कम सामान उतरून तपासल्यावरच देतो, आणि तसे आधीच ठरवून घेतो.

हमालांशी मजला, जिना, गाडीपर्यंतचे अंतर आणि जेवण हे सगळे बोलून दर ठरवावा. महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा आहे आणि मोंढ्यातले बरेच हमाल माथाडी मंडळात नोंदलेले असतात. पाठीचे काम करणाऱ्याशी शेवटी शंभर रुपयांसाठी घासाघीस करणे मला तरी बरे वाटत नाही.

उतरवल्यावर

नव्या घरी आधी पलंग जोडावा. संध्याकाळपर्यंत सगळे थकलेले असतात आणि निदान झोपण्याची सोय व्हायला हवी. जड कपाटे थेट त्यांच्या कायमच्या जागी न्यावीत. त्यासाठी कोणते कपाट कुठे येणार याचा कागद आधीच दारावर चिकटवलेला असावा, म्हणजे हमाल विचारत थांबत नाहीत. कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून ठेवावे, ओल आणि वाळवी या दोन्हींवर नजर राहते. दार आपोआप उघडत असेल तर कपाट खराब झालेले नसते, फरशी सपाट नसते. पुढच्या पायाखाली पातळ पाचर घालावी. लाकडी कामाचे बारदान त्याच दिवशी सोडावे, आठवडाभर बांधून ठेवू नये.

मामांचे कपाट शेवटी निघाले ते त्याच म्हाताऱ्या सुतारांच्या हातून. त्यांनी उरलेली कमान मागून अलगद उचकटली, तुटलेला तुकडा खिशात घातला, आणि कपाट तेवढ्यानेच कमी होऊन तुळईखालून आडवे झाले. परभणीला पोहोचल्यावर त्यांनी तुकडा चिकटवला, पण कमान पूर्वीसारखी खिळ्यांनी ठोकली नाही. मागून चार स्क्रूंवर बसवली. कपाटाचे डावे दार उघडले की आतल्या फळीवर त्यांच्या हातचे पेन्सिलीने लिहिलेले अजून वाचता येते: "माथा सुटा आहे. आधी तो काढणे."